केडगावातलं मिल हाऊस

बिभीषण ढवळेला एक मशीन घ्यायचं होतं आणि त्याची अट एकच होती, त्याचा आवाज येता कामा नये. जुनं चालेल, ओरखडे पडलेलं चालेल, कुठल्या बंद पडलेल्या कंपनीतून उचलून आणलेलं चालेल. पण ते चालू आहे हे घरात कुणाला, म्हणजे आबांना, कळता कामा नये.

आबा म्हणजे त्याचे वडील, सूर्यभान. ऐंशीला टेकलेले. घर केडगावात, पुणे रस्त्यापासून थोडं आत, तळमजल्यावर एक हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर. बिभीषणची मुलगी दिपाली पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिची खोली आबांना मिळाली आणि बिभीषण आणि बायको सविता हॉलमध्येच झोपत राहिले. झोपत राहिले हा आपला बोलण्याचा भाग. आबांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. गेल्या दोन वर्षांत त्यांचं डोकं हळूहळू विस्कटत गेलं होतं. नावं गेली, मग माणसं गेली, मग दिवस कुठला आणि रात्र कुठली हेही गेलं. रात्रभर उठायचे, भिंत चाचपत फिरायचे, दाराच्या कडीशी खुडबुड करायचे. मग बिभीषण उठायचा, तो नाही उठला तर सविता. डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती घेऊन आबा दिवसा पेंगायचे आणि अंधार पडला की ताजेतवाने व्हायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरात शांतता ठेवा.

मग काय, ठेवली शांतता. सविताने कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला घेतली. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या. टीव्हीचा आवाज घालवला आणि बातम्या नुसत्या बघायच्या असं ठरलं. मिक्सरला सुट्टी मिळाली, चटणी खलबत्त्यात कुटायची तीही मागच्या अंगणात जाऊन. नवरा-बायको स्वतःच्याच घरात चोरपावलांनी वावरायला लागले. आबा तरीही झोपत नव्हते, पण शांतता कमी पडत असेल असंच दोघांना वाटायचं.

आता मशीन कशाला हवं होतं ते सांगायला पाहिजे. बिभीषण एका पतसंस्थेत होता, सावेडीच्या मुख्य कार्यालयात. संगणक विभाग अशी पाटी होती आणि त्या विभागात तो एकटाच होता. जिल्ह्याभर शाखा, प्रत्येक शाखेत एक जुनं मशीन खातेदारांचा हिशेब सांभाळत बसलेलं. ते रुसलं की बिभीषणने स्कूटरला किक मारायची. या वर्षी संचालकांनी ठरवलं की सगळ्या शाखा एका जागी आणायच्या. मुख्य कार्यालयात एकच मोठा सर्व्हर ठेवायचा आणि त्याच्या पोटात प्रत्येक शाखेचं वेगळं मशीन चालवायचं. हाताला लागणार नाही, डोळ्याला दिसणार नाही, पण खऱ्या मशीनसारखं वागेल, असं. याला व्हर्च्युअल म्हणतात. पुण्याच्या एका कंपनीने सांगितलं होतं की आम्ही करतो आणि सांभाळायला आमचा माणूसही बसवतो.

जनरल मॅनेजर अमृत गुंजाळ तसा बरा माणूस. त्याने बिभीषणला चहा पाजला आणि मग सांगितलं. फेब्रुवारीत संचालकांसमोर तू करून दाखव. जमलं तर कंपनीला नाही म्हणू आणि तू आहेस तिथे राहा. नाही जमलं तर तुला जामखेड शाखेत काउंटरवर जागा आहे. नोकरी जात नाही, काळजी करू नकोस, असं वर तो उपकार केल्यासारखं म्हणाला.

नोकरी जात नव्हती हे खरं. पण जामखेडला रोजचं जाणं-येणं रात्री जागणाऱ्या माणसाच्याने व्हायचं नव्हतं. तिथेच राहावं लागलं असतं, आणि मागे सविता एकटी. ती सावेडीच्या एका बालवाडीत शिकवायची, दिवसा पन्नास पोरं आणि रात्री आबा. दिवसा पेंगणाऱ्या आबांकडे तेवढा वेळ शेजारीण बघायची. बहीण पुष्पावती गावी होती, पण दिवाळी झाली की तीच बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जायची, तिच्या खोपीत आबांना कुठे ठेवणार? मग उरत होता तो वृद्धाश्रम. सविताने येता-जाता त्याची पाटी पाहिली होती, बिभीषणनेही पाहिली होती. तो शब्द दोघांपैकी कुणी घरात काढला नव्हता. पण जामखेड म्हणजे आबांचं घर सुटणार, एवढं दोघांना न बोलता कळत होतं.

आणि बिभीषणला हे काम येत नव्हतं. व्हिडिओ पाहून जेवढं कळतं तेवढं कळत होतं, म्हणजे पोहण्याचे व्हिडिओ पाहून जेवढं पोहता येतं तेवढंच. कार्यालयातल्या मशीनवर हात चालवून पाहायची सोय नव्हती, तिथे लोकांच्या ठेवी होत्या. प्रयोग करायचे, चुका करायच्या, मोडायचं आणि पुन्हा उभं करायचं, तर ते स्वतःच्या घरी. मोठ्या कंपन्या त्यासाठी वातानुकूलित खोली ठेवतात. बिभीषणकडे हॉलमधल्या कपाटाशेजारची जागा होती.

झेंडीगेटला मेहताबभाईंचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान होतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेला माल लॉटने आणायचा, पुसून-पासून विकायचा. मेहताबभाई सडपातळ, चष्मा कपाळावर, स्वभाव असा की गिऱ्हाईक काय मागतंय यापेक्षा त्याला काय झेपेल ते आधी बघणार. बिभीषणने गरज सांगितली. एका वेळी सात-आठ मशीन पोटात चालली पाहिजेत. मेहताबभाई त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि जमिनीवरचा एक सर्व्हर पायानेच दाखवला. ट्रंकेएवढा लांब, पाटासारखा चपटा, दोन प्रोसेसर, आणि रॅम इतकी की बिभीषणने पुन्हा विचारून खात्री केली. किंमत मात्र साध्या डेस्कटॉपएवढीच. एवढा स्वस्त का, तर असा सर्व्हर घरात कुणी ठेवत नाही. मेहताबभाईंनी बटण दाबून दाखवलं. आतले सहा छोटे पंखे एकदम अंगात आल्यासारखे ओरडायला लागले आणि बाहेर बाकावर बसलेलं गिऱ्हाईक दचकून उभं राहिलं. बिभीषणने हात जोडले. म्हणाला, घरात आजारी माणूस आहे, हे नको.

मग नव्या मशीनचा विचार झाला. नवीन घ्यायचं तर दिपालीच्या फीला हात लावावा लागला असता, तेव्हा तो विचार दुकानाच्या पायरीवरच संपला. राहिला तिसरा मार्ग. ऑफिसातून निघालेले छोटे डेस्कटॉप मिळतात, टिफिनच्या डब्याएवढे. एकच पंखा, तोही कानाशी नेला तरच ऐकू येणारा. वीज नावाला खातात. बिभीषणने पेनड्राइव्ह लावून एकेक डबा तपासला, प्रोसेसर व्हर्च्युअल काम करू देतो का ते आतल्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, हार्ड डिस्क जुनी होती ती काढून नवी एसएसडी टाकून घेतली. मेहताबभाई म्हणाले की यात रॅमची दोनच घरं आहेत, पुढे वाढणार नाही, नीट विचार करा. बिभीषणने विचार केलाच होता. आवाज नाही ना, मग झालं.

पहिले काही आठवडे बरे गेले. कार्यालयातून यायचं, आबांना जेवू घालायचं आणि कपाटाशेजारी मांडी घालून बसायचं. एक मशीन पोटात चाललं, दुसरं चाललं, तिसरंही. बिभीषणला वाटलं, जमतंय की. चौथं चालू केलं आणि डबा दम लागल्यासारखा करायला लागला. पाचव्याला पडदा गोठला. त्याने रॅम वाटून पाहिली, याची काढून त्याला दिली, एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याला जेवू घातलं. पण दोनच घरं होती, त्यात मावेल तेवढंच मावणार. संचालकांपुढे दाखवायचं होतं ते नेमकं हेच की सगळ्या शाखा एका वेळी चालू आहेत, त्यातली एक पडली तर बाकीच्यांना कळतही नाही. इथे एक चालू केली की बाकीच्या पडत होत्या. बिभीषणने हात टेकले. त्याला राग आला तो डब्याचा नाही, स्वतःचाही नाही. सरळ आबांचा आला, आणि तो आल्याची लाज त्याला आठवडाभर पुरली.

जानेवारीत तो पुन्हा झेंडीगेटला गेला. मेहताबभाईंनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. डबा ठेवून घेतला, वर थोडे पैसे घेतले आणि तो ट्रंकेएवढा सर्व्हर रिक्षात चढवून दिला. घरात नाही चालला तर महिन्याभरात परत आणा, म्हणाले.

सविताने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. भांडायचं त्राण तिच्यातही नव्हतं. दोघांनी मिळून ठरवलं की रविवारी जेवणं झाली की सविताने आबांना बाहेर ओट्यावर उन्हाला न्यायचं. तेवढ्या वेळात बिभीषणने चालू करून काय जमतं ते बघायचं, लगेच बंद करायचं. पुढे रोज संध्याकाळी असं तास-दीड तास मिळालं तरी महिन्याभरात काहीतरी शिकून होईल. हॉलमध्ये जागा पुरेना म्हणून सर्व्हर आबांच्याच खोलीत, खाटेच्या पायथ्याशी टेबलावर ठेवला होता.

रविवारी बटण दाबलं. सहाही पंखे दुकानात ओरडले होते तसेच ओरडले, मग जरा खाली येऊन एका सुरात घरघरत राहिले. खिडकीची तावदानं बारीक थरथरत होती. बिभीषण पडद्याकडे बघत घाईघाईने पहिलं मशीन उभं करत होता, तेवढ्यात दारात आबा. मागून सविता, धापा टाकत. ओट्यावरून एकदम उठले आणि मला ढकलूनच आत आले, असं ती सांगत होती. आधी ते बंद करा, आता रात्रभर कोण जागणार, असंही म्हणाली. बिभीषणचा हात बटणाकडे गेला.

आबा त्याच्या आधी पोचले. त्यांनी सर्व्हरच्या पत्र्यावर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग हात जरा पुढे सरकवून पुन्हा टेकवला. चेहऱ्यावर नेहमीचं हरवलेपण नव्हतं. कामावरच्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

"गरम न्हाई," ते म्हणाले. "चालू द्या."

आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बिभीषण आणि सविता दोघंही जागच्या जागी उभे. पाच मिनिटांत आबा घोरायला लागले. दोघांना खरं वाटेना. ऊन उतरलं, चहाची वेळ टळली, शेजारच्या केशरबाईंनी खिडकीतून विचारलं की घरात पिठाची गिरणी टाकली का, तरी आबा झोपलेलेच. शेवटी सविताने घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. श्वास चांगला चालला होता.

बिभीषण खाली फरशीवर बसला आणि त्याला कळलं. कळलं तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं. आबांनी सारं आयुष्य साखर कारखान्यात काढलं होतं. आजोबांच्या मागे ऊस तोडायला आलेला पोरगा, तिथेच मिल हाऊसमध्ये ऑइलमन म्हणून लागला. जिथे उसाचा रस काढतात ते मिल हाऊस, आणि तिथल्या रोलरांच्या बेअरिंगवर तळहात टेकवून ती तापली का बघत, तेल घालत फिरायचं काम. कामगारांची चाळ कारखान्याच्या भिंतीला लागून. बिभीषण त्याच चाळीत वाढला होता. हंगामात रात्रंदिवस मिल धडधडायची आणि त्या आवाजात चाळीतली तान्ही पोरंसुद्धा गाढ झोपायची. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून मिल थांबली, की चाळीची झोप उडायची. गडी अंगणात खाटा टाकून कूस बदलत पडायचे, बायका उगाच दारात येऊन बसायच्या. आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं, कुणीतरी उठून बघायला पाहिजे, हे त्या माणसांच्या अंगात मुरलेलं होतं. आणि अशा माणसाच्या खोलीतून लेकाने आणि सुनेने दोन वर्षं एकेक आवाज वेचून बाहेर काढला होता. आबा रात्रभर उठून कडीशी खुडबुड करायचे ते मिल का थांबली हे बघायला जायचं म्हणून.

त्याने सविताला सांगितलं. तीही खाली फरशीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझा कुकर उगाच माळ्यावर गेला." आणि हसता हसता रडायला लागली. तिला रडण्याचंही बळ बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

त्या दिवसापासून सर्व्हर बंद करून ठेवला नाही. कुकर खाली आला, टीव्हीला वाचा फुटली. केशरबाईंकडे जाऊन सविता समजावून आली, तर त्या म्हणाल्या, माझे कान तसेही गेलेत, मला भिंत थरथरते तेवढीच कळते. आबा रोज झोपायला लागले. गोष्टी काही परत आल्या नाहीत, बिभीषणला ते अजूनही ओळखत नव्हते, कधी साहेब म्हणायचे तर कधी नुसतंच टकमक बघायचे. पण झोप होत होती. आणि बिभीषण रोज संध्याकाळी त्यांच्या पायथ्याशी बसून शिकत होता. सात शाखा त्याने त्या ट्रंकेच्या पोटात उभ्या केल्या. मुद्दाम पाडल्या, पुन्हा उभ्या केल्या. मधेच वीज तोडून पाहिली, तेव्हा आबा उठून बसले म्हणून ती चाचणी त्याने पुढे रविवारी दुपारी घ्यायला सुरुवात केली. रॅम कमी पडत नव्हती. कमी पडत होता तो बिभीषण. झोप मिळाली तरी दोन वर्षांचं जागरण असं चार आठवड्यांत फिटत नाही, आणि दिवसा कार्यालय होतंच.

फेब्रुवारीत मुख्य कार्यालयात आलेल्या नव्या सर्व्हरवर संचालक मंडळासमोर त्याने करून दाखवलं. सगळ्या शाखा चालू केल्या, मग श्रीगोंद्याची शाखा सर्वांसमोर पाडली. बाकीच्या चालूच राहिल्या. मग पडलेली उभी करून तिच्यातलं खातं उघडून दाखवलं. संचालक भेळ खात बघत होते. एकाने विचारलं, लाईट गेली तर काय, त्याचंही उत्तर बिभीषणने दिलं. गुंजाळने सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारली. पुण्याच्या कंपनीला नकार कळवायचा आणि बिभीषणने इथेच राहायचं असं ठरलं. आणि त्याच बैठकीत हेही ठरलं की आता सगळं एका जागी आलंच आहे, तर सगळ्या शाखांनी काही अडलं की थेट बिभीषणला फोन करायचा. वेळेची अट घातली तर अडचण होईल, म्हणून वेळेची अट ठेवली नाही.

जीव भांड्यात पडला होता, पण आनंद झाला असं त्याला म्हणता येईना. सावेडीहून केडगावला येईपर्यंत तीन शाखांचे फोन येऊन गेले. घरी आल्यावर सविताने काय झालं ते डोळ्यांनीच विचारलं, त्याने मान हलवली. तिने देवापुढे साखर ठेवली आणि चहा टाकायला गेली. आबांना जामखेडपायी घराबाहेर जावं लागणार नव्हतं. एवढ्यासाठीच तर सगळं होतं.

तो आबांच्या खोलीत गेला. बाहेर अजून उजेड होता. आता पोटातल्या शाखांचं काम राहिलं नव्हतं, म्हणून उभ्यानेच वाकून त्याने त्या एकेक करून बंद केल्या. सर्व्हर तसाच चालू ठेवला. रिकामाच घरघरत राहिला तरी त्याचं खरं काम तो करणारच होता. परत नेऊन द्यायची मुदत संपली होती आणि मेहताबभाईंनी विचारलंही नव्हतं. फोन पुन्हा वाजायला लागला, बिभीषणने तो खिशातून काढला, पण घ्यायला बोट उचलेना. तसाच हातात धरून तो उभा राहिला.

आबा केव्हा उठून मागे येऊन उभे राहिले ते त्याला कळलं नाही. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि हात पुढे केला. बिभीषणला आधी उमगेना. मग आठवलं. मिल हाऊसमध्ये पाळी बदलताना तेलाचा कॅन खाली ठेवायचा नसे, जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हातात द्यायचा. येणाऱ्याने तो घेतल्याशिवाय जाणाऱ्याची सुटका नव्हती, आणि एकदा घेतला की मग मिलचं जे काही होईल ते येणाऱ्याच्या डोक्यावर.

"दे," आबा म्हणाले. "तुझी पाळी सुटली. हितनं फुडं म्या बघतो."

बिभीषणने वाजणारा फोन त्यांच्या हातात दिला. आबांनी तो बंडीच्या खिशात घातला आणि सर्व्हरच्या पत्र्यावर तळहात टेकवून उभे राहिले. बिभीषण खाटेवर बसला, आणि बसल्यावर आडवाच झाला. उशी आबांची होती, गरम होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्याने पुसलं नाही. फोन थांबला, पुन्हा वाजायला लागला. चहाचा कप घेऊन सविता दारात आली, फोन वाजतोय, कुठल्या तरी शाखेचा असेल, म्हणाली. मिटल्या डोळ्यांनी बिभीषणला तिचा आवाज लांबून येत होता, आणि त्यापेक्षा जवळून आबांचा.

"वरडू नको, बाई. निजू दे त्याला," आबा म्हणाले. "कुनाचं लेकरू हाय ठाव न्हाई, पर लई दमलंय."